जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट टाकलं, त्याचा सगळा अनुभव

बऱ्याच जणी विचारतात की ताई तुमच्या लॅपटॉपवर ते वेगळंच काय दिसतं, विंडोज का नाही, म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकते. मी अमळनेरला राहते, घरीच ट्यूशन घेते, आणि त्यातून वेळ काढून आखाजीची, कानबाईची, लग्नातली अहिराणी गाणी म्हाताऱ्या बायकांकडून मोबाईलवर रेकॉर्ड करते आणि मग ती ऐकून ऐकून टाईप करते. हे काम मला फार जिवाजवळचं आहे कारण ज्यांना ही गाणी पूर्ण येतात त्या बायका आता थोड्याच राहिल्यात. लॅपटॉप पाहिजे तो ह्या कामासाठी, गेम वगैरे काही नाही.

लॅपटॉप दादाचा जुना. त्याने नवीन घेतला तेव्हा मला देऊन टाकला. पाचव्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम आणि ५०० जीबीची जुनी फिरणारी हार्डडिस्क. चालू केला की चहा टाकायचा, गाळायचा, प्यायचा, तेव्हा कुठे माऊस हलायचा. त्यात विंडोजचा दोष काढत नाही, मशीनच थकलेलं होतं. पण विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते, वर टीपीएम २.० नावाची चिप लागते, म्हणजे माझा लॅपटॉप त्या यादीतच नाही. दादा फोनवर म्हणे, "विकून टाक, हजार-दोन हजार येतील." मला ते पटेना. स्क्रीन चांगली, कीबोर्ड तर आताच्या नव्या लॅपटॉपपेक्षा भारी, एक की सुद्धा खराब नाही, आणि ज्याला दिवसभर टाईपच करायचंय त्याच्यासाठी कीबोर्डच सगळ्यात महत्त्वाचा ना.

लिनक्स हा शब्द कॉलेजात ऐकलेला होता, फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये सुरू केलं एवढं आठवत होतं. मग वाचत बसले. लिनक्स म्हणजे खरं तर कॉम्प्युटर चालवणाऱ्या सिस्टिमचं आतलं इंजिन, आणि त्याच्यावर वेगवेगळ्या लोकांनी तयार केलेल्या डिस्ट्रो, म्हणजे विंडोजच्या जागी टाकता येतील अशा पूर्ण सिस्टिम, उबुंटू, डेबियन, फेडोरा, मिंट अशा कितीतरी. सी-डॅक ह्या आपल्या सरकारी संगणक संस्थेचं पण बॉस नावाचं आहे. मी मिंट निवडलं कारण विंडोजची सवय असलेल्याला ते लगेच कळतं, खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, आणि मिंटमध्ये पण सिनॅमन, मॅटे आणि एक्सएफसीई असे तीन प्रकार मिळतात त्यातला एक्सएफसीई सगळ्यात हलका. मिंट २२ ही उबुंटू २४.०४ वर बनवलीय आणि तिला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत, म्हणजे तोवर चिंता नाही. २ जीबी रॅमवरही चालते असं मिंटवाले सांगतात, पण खरं सांगायचं तर ब्राउझर उघडला की २ जीबीत काही होत नाही, ४ पाहिजेच.

पहिला खर्च मात्र केला आणि तो करायलाच पाहिजे असं मी सगळ्यांना सांगते. जळगावला गोलाणी मार्केटला जाऊन २५६ जीबीची साटा एसएसडी (आत काही फिरत नाही अशी वेगवान डिस्क) आणि ४ जीबीची एक रॅम घेतली. रॅम घेताना डीडीआर३एल सांगायचं, शेवटचा एल महत्त्वाचा, कारण ह्या पिढीच्या लॅपटॉपना कमी व्होल्टची १.३५ वाली लागते. लॅपटॉप सोबतच नेला होता त्यामुळे दुकानदार भाऊंनी समोरच उघडून बसवून दिली, आत इतकी धूळ की त्यांनी ब्लोअर मारला आणि प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट पण नवीन लावून दिली. जुनी हार्डडिस्क मी घरी घेऊन आले आणि तशीच ठेवली. हा माझ्या दृष्टीने सगळ्यात सेफ मार्ग आहे, कारण नव्या एसएसडीवर काहीही झालं तरी जुन्या डिस्कवरचा डेटा आणि विंडोज दोन्ही जिथल्या तिथे राहतं. ज्यांच्याकडे एकच डिस्क आहे त्यांनी आधी बाहेरच्या डिस्कवर बॅकअप घ्या मगच पुढे जा, हे मी जोर देऊन सांगते.

मिंटची आयएसओ फाईल, म्हणजे अख्खी सिस्टिम ज्यात असते ती एकच फाईल, जवळपास तीन जीबीची, आणि मोबाईलचा रोजचा डेटा दीड जीबी, त्यामुळे ती फाईल समोरच्या जिभाऊंच्या घरच्या ब्रॉडबँडवर, त्यांच्या कॉम्प्युटरवर उतरवली. फाईल उतरली की ती बरोबर आलीय का ते तपासायचं असतं, हे बहुतेक लोक करतच नाहीत पण करा. मिंटच्या साईटवर फाईलचा एसएचए २५६ नावाचा ६४ अक्षरांचा आकडा दिलेला असतो, विंडोजच्या काळ्या खिडकीत सर्टयूटिल कमांडने आपल्या फाईलचा आकडा काढायचा आणि दोन्ही जुळवायचे. एक अक्षर जरी वेगळं आलं तर फाईल खराब, परत उतरवा. जुळलं. मग रुफस नावाच्या छोट्या सॉफ्टवेअरने ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर ती फाईल चढवली. पेन ड्राइव्हवरचं जुनं सगळं पुसलं जातं हे ध्यानात ठेवा, जिभाऊंच्या मुलाच्या लग्नाचे फोटो होते त्यात, ते आधी काढून घेतले.

आता ह्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. पेन ड्राइव्ह लावून लॅपटॉप चालू करताना एफ१२ दाबायचं (काही कंपन्यांत एफ९ किंवा एस्केप असतं), बूट मेनू येतो, त्यात पेन ड्राइव्ह निवडायचा, आणि अख्खी मिंट पेन ड्राइव्हवरूनच चालू होते. काही इन्स्टॉल केलेलं नसतं, डिस्कला हातही लागलेला नसतो, आणि तुम्ही फिरून सगळं बघू शकता. ह्याला लाईव्ह सेशन म्हणतात. मी एकेक गोष्ट तपासली, आवाज येतोय का, माईक चालतोय का, ब्राइटनेस कमी जास्त होतोय का, टचपॅडवर दोन बोटांनी स्क्रोल होतंय का, झाकण मिटून परत उघडलं तर जागा होतोय का. सगळं चाललं, वायफाय सोडून. वायफायचं नावच दिसेना.

इथे बरेच जण घाबरून सोडून देतात म्हणून थोडं सविस्तर सांगते. काही वायफाय चिपचे ड्रायव्हर, म्हणजे ती चिप चालवणारी छोटी सॉफ्टवेअर, ओपन सोर्स (सगळ्यांसाठी खुली) नसतात, ते कंपनीचेच वापरावे लागतात आणि इन्स्टॉल झाल्यावर वेगळे घ्यावे लागतात. पण ते घ्यायला इंटरनेट पाहिजे आणि इंटरनेट तर वायफायवरून येणार, मग करायचं काय? मोबाईल. चार्जिंगच्या केबलने फोन लॅपटॉपला लावायचा, फोनच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करायचं, आणि कुठलाही ड्रायव्हर न टाकता नेट सुरू होतं. फोनची केबल डेटावाली पाहिजे, नुसत्या चार्जिंगवाल्या स्वस्त केबलने होत नाही. मला हे कळलं तेव्हा इतका आनंद झाला की सासूबाईंना हाक मारून दाखवलं, त्या चष्मा लावून जवळ आल्या आणि म्हणाल्या, "हाई काय शे वं?"

इन्स्टॉल करायला बसण्याआधी लाईटचा विचार केला. लॅपटॉपची बॅटरी मेलेली, वायर काढली की लगेच बंद, आणि आमच्याकडे उन्हाळ्यात लाईट कधी जाईल सांगता येत नाही. डिस्कवर लिहिणं चालू असताना मशीन बंद पडलं तर सगळं अर्धवट राहतं, म्हणून चार्जर इन्व्हर्टरच्या बोर्डाला लावला. सकाळची वेळ निवडली, कारण दुपारी खोलीत चाळीसच्या वर तापमान असतं आणि पंखा फक्त गरम हवा फिरवतो.

इन्स्टॉलर पहिल्यांदा भाषा विचारतो, त्यात मराठी पण आहे. मी मात्र इंग्रजी निवडली, कारण काही अडलं तर इंग्रजी मेसेज शोधून उत्तर लवकर सापडतं, आणि नंतर भाषा कधीही बदलता येते. पुढे मल्टिमीडिया कोडेक (गाणी-व्हिडिओ चालवायला लागणारे भाग) टाकायचे का असं विचारतो, तिथे हो करा, नाहीतर काही व्हिडिओ-ऑडिओ नंतर चालत नाहीत. मग मुख्य प्रश्न, डिस्क पूर्ण पुसायची की विंडोजच्या बाजूला टाकायची. माझी डिस्क नवी कोरी होती त्यामुळे पूर्ण पुसा निवडलं. बाजूला टाकणाऱ्यांनी विंडोजमध्ये आधी फास्ट स्टार्टअप हे सेटिंग बंद करायचं, आणि बिटलॉकर, म्हणजे डिस्कला लावलेलं विंडोजचं कुलूप, चालू असेल तर त्याची रिकव्हरी की लिहून ठेवायची, ती नसली तर आपलाच डेटा आपल्याला उघडता येत नाही. टाईमझोनमध्ये कोलकाता येतं, ते बरोबर आहे, भारतासाठी तेच असतं. बाकी नाव, पासवर्ड, झालं. थोड्याच वेळात रिस्टार्ट.

रिस्टार्ट झाल्यावर माझ्याकडे एक निळी स्क्रीन आली, एमओके म्हणून. सिक्युअर बूट (ओळखीचंच सॉफ्टवेअर चालू होऊ देणारी लॅपटॉपची सुरक्षा) चालू असेल आणि कोडेकला टिक केली असेल तर इन्स्टॉलर एक वेगळा पासवर्ड ठेवायला सांगतो, तोच ह्या निळ्या स्क्रीनवर एनरोल एमओके निवडून टाकायचा असतो. स्क्रीन काही सेकंदच थांबते आणि निघून जाते, म्हणून रिस्टार्टच्या वेळी उठून जाऊ नका. ती सुटली तर वायफायसारखे कंपनीचे ड्रायव्हर नंतर लोड होत नाहीत. त्यानंतर मोबाईल टेदरिंगवरच ड्रायव्हर मॅनेजर उघडला, त्याने वायफायचा ड्रायव्हर आपणहून शोधून दाखवला, लावला, परत रिस्टार्ट, आणि जिभाऊंच्या वायफायचं नाव यादीत. लॅपटॉप आता चहाचं पाणी उकळायच्या आत चालू होतो.

आता मराठी, ज्यासाठी हे सगळं केलं.

सेटिंगमध्ये कीबोर्ड, त्यात लेआउट, तिथे सिस्टिमचं डिफॉल्ट वापरा ही टिक काढायची आणि इंडियनच्या खाली मराठी एनहान्स्ड इनस्क्रिप्ट जोडायचं, आल्ट-शिफ्टने इंग्रजी मराठी बदलायचं. बस. काही विकत घ्यायचं नाही, कुठलं सॉफ्टवेअर उतरवायचं नाही. इनस्क्रिप्ट म्हणजे भारतीय भाषांसाठी ठरवलेली कीबोर्डची मांडणी. मी ती शिकले मन लावून, आणि ज्यांना रोज मराठी लिहायचंय त्यांनी तेच शिकावं असं माझं ठाम मत आहे. डाव्या हाताला सगळे स्वर आणि काना-मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं. के वर क, एच वर प, डी वर हलन्त. अहिराणी लिहिताना सगळ्यात जास्त लागतो तो पायमोडका र, कारण "करी ऱ्हायना", "जाई ऱ्हायनी" हे प्रत्येक दुसऱ्या ओळीत येतं, आणि इनस्क्रिप्टमध्ये तो शिफ्ट-जे वर सरळ मिळतो. ळ शिफ्ट-एन वर. मोबाईलच्या कीबोर्डवर तो ऱ काढताना किती कटकट होते ते लिहिणाऱ्यांनाच माहीत, आणि वर मोबाईल प्रत्येक अहिराणी शब्द बदलून त्याच्या मनाचा करतो.

माझी एक मैत्रीण टायपिंगची परीक्षा पास आहे, तिच्या बोटांत रेमिंग्टन, म्हणजे जुन्या टाईपरायटरची मांडणी, बसलेलं, तिला इनस्क्रिप्ट नको वाटतं. तिच्यासाठी आयबस हे वेगवेगळ्या भाषांत टाईप करायचं सॉफ्टवेअर आणि त्याच्या सोबत एम१७एन नावाचं पॅकेज टाकलं, त्यात मराठीचे रेमिंग्टन, आयट्रान्स, फोनेटिक असे बरेच लेआउट एकदम मिळतात. इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहिणाऱ्यांचीही सोय होते.

वर्डसारखं काम करणारं लिबरऑफिस आधीपासूनच असतं पण त्यात एक सेटिंग करावंच लागतं. टूल्स, ऑप्शन्स, लँग्वेजेस, तिथे कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट चालू करून भाषा मराठी ठेवायची आणि त्याचा डिफॉल्ट फॉन्टही निवडायचा. लोहित मराठी हा फॉन्ट मी सॉफ्टवेअर मॅनेजरमधून घेतला. फरक बघायचा असेल तर ल आणि श बघा. हिंदी वळणाचा ल दांडीवाला असतो आणि आपला दोन गोल पाकळ्यांचा, शाळेत पाटीवर जसा गिरवला तसा. युनिकोडमध्ये अक्षर एकच असतं, वळण फॉन्टवर आणि मजकुराला लावलेल्या भाषेवर ठरतं. गाण्यांची पहिली प्रिंट काढली तेव्हा आपलं ल-श बघून मला फार बरं वाटलं, कारण ते पुस्तक म्हाताऱ्या बायकांच्या हातात जाणार आहे आणि त्यांना ओळखीचं वळण दिसलं पाहिजे.

शुद्धलेखनाच्या लाल रेघा मात्र पानभर. अहिराणीचं कुठे काही तयार नाही. पण लिबरऑफिसमध्ये स्वतःची डिक्शनरी बनवता येते, ती एक साधी टेक्स्ट फाईल असते. मी अहिराणी नावाची डिक्शनरी केली आणि टाईप करताना जो जो शब्द लाल दिसला आणि बरोबर आहे तो उजव्या क्लिकने त्यात टाकत गेले, आंडेर, आंडोर, व्हयनं, ऱ्हायनी, कथा, आठे, तठे. आता ती यादी चांगलीच वाढलीय, आणि धुळ्याच्या एका ताईंना ती फाईल पाठवली, त्या नंदुरबारकडच्या बोलीतले शब्द घालून मला परत पाठवणार आहेत. हे काम उघड्या फाईलींमुळे होतंय हे मला फार मोलाचं वाटतं. कुणाची परवानगी नाही, कुणाला फी नाही.

ऐकून टाईप करायला व्हीएलसी हा प्लेअर. डावा चौकोनी कंस दाबला की रेकॉर्डिंग हळू होतं, उजवा दाबला की वेगात. झोक्यावरची गाणी चार जणी एकदम म्हणतात, शब्द एकमेकांत मिसळतात, ते हळू करून ऐकलं तरच कळतं. ऑडॅसिटी ह्या आवाज साफ करायच्या सॉफ्टवेअरमध्ये मागचा पंख्याचा आवाज कमी केला. सासूबाईंचं एक गाणं साफ करून त्यांना ऐकवलं तर त्या लगेच ओळखेनात, "हाऊ मना आवाज शे का?" असं दोनदा विचारलं.

जुन्या फाईलींनी मात्र फार वेळ खाल्ला. आधी काही गाणी एका डीटीपीवाल्याकडून टाईप करून घेतली होती, ती जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये. इथे उघडली तर नुसता इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा. हा लिनक्सचा प्रश्न नाही, तो फॉन्ट नसेल तर विंडोजवरही असंच दिसतं. कन्व्हर्टरने युनिकोड केलं, पण जोडाक्षरं आणि रफार बऱ्याच ठिकाणी चुकले, ओळ न ओळ मूळ कागदाशी ताडून दुरुस्त करावी लागली. ज्यांची फाईल हरवलीय आणि फक्त छापील कागद आहे अशांसाठी टेसरॅक्ट नावाचं ओसीआर, म्हणजे कागदाच्या फोटोतली अक्षरं वाचून टाईप करणारं सॉफ्टवेअर, आहे, त्याचं मराठीचं पॅकेज वेगळं घ्यावं लागतं. स्वच्छ छपाई असेल तर चांगलं वाचतं, झेरॉक्सची झेरॉक्स असेल तर टाईप केलेलंच बरं.

आता जे होत नाही तेही सांगते, नाहीतर कुणी माझ्या भरवशावर विंडोज पुसायचं. टॅली विंडोजसाठीच बनलेलं आहे, शेजारच्या मुकेशभाऊंचं सगळं हिशोबाचं काम त्यावर, त्यांना मी सरळ सांगितलं की तुम्ही बदलू नका. डिजिटल सिग्नेचरचं टोकन, अंगठ्याचं मशीन ह्यांची सरकारी कामं करणाऱ्यांनीही विंडोज ठेवावं. सातबारा बघणं, बँक, मुलांचे फॉर्म हे सगळं फायरफॉक्समध्ये व्यवस्थित होतं. घरच्या जुन्या लेझर प्रिंटरचा ड्रायव्हर काही केल्या जमला नाही, मी पीडीएफ करून झेरॉक्सच्या दुकानात पाठवते. नवे वायफायवाले प्रिंटर बहुतेक ड्रायव्हरशिवाय चालतात, नवीन घेईन तेव्हा दुकानातच लॅपटॉप जोडून बघणार. शाळेतून येणाऱ्या वर्डच्या फाईली उघडतात, तक्ते थोडे सरकतात.

टाईमशिफ्ट मात्र पहिल्याच दिवशी चालू करा. ते सिस्टिमचे फोटो काढून ठेवल्यासारखं काम करतं, अपडेटने काही बिघडलं तर कालच्या स्थितीला परत जाता येतं. आपल्या फाईलींचा बॅकअप ते घेत नाही, तो वेगळा घ्यायचा, गाण्यांचं सगळं मी जुन्या ५०० जीबीच्या डिस्कवर यूएसबी केसमध्ये घालून ठेवते. अपडेट कधी करायचे ते आपण ठरवायचं, मी जिभाऊंच्या वायफायवर करते. डेटा कमी असेल तर सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये एकच सॉफ्टवेअर कधी फ्लॅटपॅक आणि सिस्टिम पॅकेज अशा दोन रूपांत मिळतं, त्यातलं सिस्टिम पॅकेज निवडा, ते खूपच लहान असतं.

सध्या एक नवीन काम हातात आहे. आमच्या इथल्या एका शाळेत काही कॉम्प्युटर झाकून पडलेत, सरांनी मला बघायला बोलावलं. केरळमधल्या सरकारी शाळांत गेली कितीतरी वर्षं मुलं लिनक्सवरच शिकतात, तिथे काईट नावाची संस्था शाळांसाठी वेगळी सिस्टिम बनवून देते, मग आपल्या खान्देशातली पोरं का नाही शिकणार. जाऊन बघितलं तर बरीचशी मशीन ६४ बिट आहेत, त्यांच्यावर रॅम वाढवून मिंट बसेल. दोन मात्र ३२ बिट, म्हणजे जुन्या प्रकारच्या प्रोसेसरच्या निघाल्या, त्यांच्यावर मिंट २२ चालत नाही, आणि डेबियनने पण १३ पासून ३२ बिटचा इन्स्टॉलर बंद केलाय, म्हणून त्यांच्यावर डेबियन १२ टाकून फक्त टायपिंगच्या सरावाला ठेवायच्या असं सरांशी ठरलं. कीबोर्डवर लावायला इनस्क्रिप्टचे मराठी स्टिकर जळगावहून मागवलेत, आले की पोरांना घेऊन बसणार आहे.